जुनेपणाचा आव : 'कॅसलॉन अँटिक'

धर्मग्रामातील पत्रिका व स्मरणिका आमच्या मेजावर येतात, तेव्हा मजकुराआधी आमची दृष्टी अक्षरांकडे जाते. अलीकडे एका सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे इंग्रजी शीर्षक पाहून आम्ही थबकलो. अक्षरांच्या कडा झिजलेल्या, रेषा थरथरत्या, टोकांची सेरिफे तुटकी. जणू जुन्या हातछपाईचा कागदच समोर आला. हे वळण 'कॅसलॉन अँटिक' या मुद्राक्षराचे.

त्याची जन्मकथा उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागो येथील बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या कारखान्यासाठी बर्न नॅडल यांनी ते रेखाटले. आरंभी त्याचे नाव होते 'फिफ्टीन्थ सेंचुरी', अर्थात पंधरावे शतक. पुढे अठराव्या शतकातील लंडनचे थोर अक्षरकार विल्यम कॅसलॉन यांचे नाव त्याला देण्यात आले. कॅसलॉन यांच्या नेटक्या, संयमी अक्षरांशी त्याचे नाते नाही. नाव बदलताच अक्षराचे वय तीनशे वर्षांनी घटले; अक्षर मात्र तेच राहिले!

तथापि त्याचे गुण नाकारणे अन्यायाचे होईल. व्हिक्टर ह्यूगो यांच्या कादंबरीवरील 'ले मिझेराब्ल' ही संगीतिका १९८५ साली लंडनमध्ये आली. तिच्या शीर्षकासाठी हेच वळण योजले गेले. दारिद्र्य व उठाव यांच्या त्या कथेला खडबडीत अक्षरे शोभून दिसतात. मोठ्या आकारात, मोजक्या शब्दांत ते बोलके ठरते.

दोष आहे तो झिजेच्या नकलेत. खऱ्या छापखान्यात प्रत्येक खिळा आपल्या परीने झिजतो. शाई कोठे दाट, कोठे विरळ बसते. येथे मात्र एकाच अक्षराला दर वेळी तीच जखम! याउलट विलियम मॉरिस यांनी १८९०च्या सुमारास घडविलेले 'गोल्डन टाइप' पाहावे. 'गोल्डन लिजेंड' या संतचरित्रग्रंथावरून त्याचे नाव पडले. व्हेनिसच्या निकोलस जेन्सन यांची पंधराव्या शतकातील अक्षरे मॉरिस यांनी अभ्यासली. एडवर्ड प्रिन्स यांनी त्याचे साचे हाताने कोरले. मॉरिस यांनी जुन्यांची शिस्त घेतली, त्यांच्या सुरकुत्या घेतल्या नाहीत.

त्या स्मरणिकेत मंदिर उभारणाऱ्यांची नामावलीही याच वळणात, बारीक आकारात छापली होती. एक वृद्ध गृहस्थ आपल्या वडिलांचे नाव शोधीत होते. चष्मा पुसून पुसून ते थकले. अखेर आम्हीच ते वाचून दाखविले.

म्हणून आमची विनंती एवढीच : शीर्षकाला हे अलंकरण खुशाल द्यावे, नावे आणि प्रार्थना स्वच्छ, साध्या अक्षरांत छापाव्यात. ज्यांनी डोक्यावरून दगड वाहिले, त्यांच्या कष्टांना कृत्रिम जुनेपणाची गरज नाही. त्यांची नावे त्यांच्या लेकरांना वाचता यावीत, हाच त्यांचा सन्मान.