शिकाऱ्याची शवपेटी कोणाच्या खांद्यावर?

पाश्चात्त्य अभिजात संगीत हे शुद्ध स्वरांचे संगीत आहे, त्यात माणसाचा जन्म, वर्ग, वस्ती शोधू नये, असे प्रस्थापित रसिक नेहमी सांगतात. गुस्ताव माहलरची पहिली सिम्फनी, विशेषतः तिचा तिसरा भाग ऐकला की हे म्हणणे टिकत नाही.

हा भाग म्हणजे एक प्रेतयात्रा आहे. टिम्पनीवर दोनच स्वर आळीपाळीने पडत राहतात, पाय ओढत चालल्यासारखे. त्यावर एकटा डबल बास एक बालगीत वाजवतो. ही चाल युरोपभर पोरासोरांच्या तोंडी आहे. आपल्याकडील इंग्रजी शाळांतील मुलेही ती म्हणतात. माहलरने ती मायनर स्वरश्रेणीत नेली आणि खेळातले गाणे शोकाचे झाले. डबल बास हे साथीला मागे उभे राहणारे अवजड वाद्य. येथे त्याला पुढे आणून त्याच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा वर गायला लावले आहे, म्हणून त्याचा आवाज कोंडल्यासारखा येतो. मग बसून, चेलो, ट्युबा एकामागून एक तीच चाल उचलतात.

आणि मध्येच रस्त्यावरचा बँड येतो. ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट गावच्या लग्नात वाजावे तसे वाजू लागतात. मोठ्या ढोलाला झांज बांधून एकाच वादकाने दोन्ही वाजवावे, अशी सूचना माहलरने लिहून ठेवली आहे. दुसरा वादक न परवडणाऱ्या बँडची ही रीत त्याने भरलेल्या वाद्यवृंदात आणली. २० नोव्हेंबर १८८९ रोजी बुडापेस्टला या कृतीचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा श्रोते गोंधळून गेले. सभागृहात कोणता आवाज यावा याचा अलिखित नियम येथे मोडला होता.

हे आवाज माहलरने पुस्तकातून घेतले नव्हते. तो १८६० साली बोहेमियातील एका खेड्यात ज्यू कुटुंबात जन्मला. वडिलांचा दारूचा गुत्ता होता. ज्या इग्लाउ गावी तो वाढला तेथे लष्कराची छावणी होती. तिचे बँड आणि रस्त्यावरची गाणी त्याच्या कानांवर पडत होती.

१८९३ च्या हॅम्बर्गमधील प्रयोगाच्या वेळी त्याने या भागामागचे चित्र सांगितले. ऑस्ट्रियातील मुलांना परिचित असे ते चित्र होते : शिकारी मेला आहे आणि रानातली जनावरे त्याची शवपेटी नेत आहेत. ज्यांची शिकार झाली, तीच मारणाऱ्याच्या प्रेतापुढे वाजवत निघाली आहेत! ती रडतात की हसतात? संगीत उत्तर देत नाही. सक्तीच्या शोकात दडलेले हसू काय असते, हे ज्यांनी दुसऱ्यांच्या मयतीपुढे वाजवले त्यांना सांगावे लागणार नाही.

मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. बँडच्या जागी माहलरने 'विडंबनाने' अशी सूचना लिहिली आहे. मग हसू कोणाचे? बँडवाल्याचे, की त्याच्याकडे पाहणाऱ्या सभ्य श्रोत्याचे? माझ्या मते दोन्ही अर्थ तेथे आहेत. आपल्याच वस्तीतला आवाज परक्यांच्या सभेत नेताना तो स्वतः थोडा हसून दाखवतो. त्या हसण्यात ओशाळलेपण आहे आणि आव्हानही आहे. १८९७ साली त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा तो संचालक झाला. ज्यूला ते पद मिळणे जवळजवळ अशक्य होते. पण धर्म बदलून जन्म पुसला गेला नाही. १९११ साली तो वारला. १९३३ नंतर नाझींनी त्याचे संगीत ज्यूचे म्हणून बंद पाडले.

शेवटचा भाग किंकाळीने सुरू होऊन विजयघोषात संपतो. हॉर्नवादकांनी उभे राहून वाजवावे, असे माहलर सांगतो. हा विजय कानांना भारून टाकतो, तरी मला तो पुरता पटत नाही. शवपेटी वाहणाऱ्या जनावरांचे पुढे काय झाले, हे तो सांगत नाही. या सिम्फनीचे मोठेपण त्या न सुटलेल्या प्रश्नात आहे. दुसऱ्याचे प्रेत खांद्यावर घेऊनही स्वतःचा सूर न सोडणाऱ्यांचे हे संगीत आहे. आपण ते परके म्हणून बाजूला सारू नये.