तिसऱ्या परिच्छेदाचे वाचन

आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, आत्मकथनांवर परिसंवाद झडतात. पण ज्या मजकुरावर आपल्या पोरांची फी, वसतिगृह आणि नोकरी ठरते, तो मजकूर समीक्षेच्या कक्षेत येतच नाही. तो वकिलांचा आणि कारकुनांचा प्रांत, असे आपण धरून चाललो आहोत. येथे मी अशाच एका मजकुराचे वाचन करणार आहे. तो म्हणजे 'संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५०' यातील तिसरा परिच्छेद. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी तो काढला. आशय एवढाच, की हिंदूहून निराळा धर्म मानणारी कोणतीही व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाबातल्या चार शीख जातींपुरता तेवढा अपवाद होता.

संविधान अमलात येऊन तेव्हा साडेसहा महिने झाले होते. पंचविसाव्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्वांना देऊन ठेवले होते, पंधराव्याने धर्मावरून भेद करण्यास राज्याला मनाई केली होती. आणि त्याच राज्याने अस्पृश्याला सांगितले, की तुझे स्वातंत्र्य तुला आहेच, फक्त ते वापरलेस तर दाखला मिळणार नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे यावे. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला तरी हे दोन तालुके ठाण्यातच राहिले. तानसा आणि भातसा मुंबईला पाणी पाजतात, आणि शहापूरच्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन वणवण करतात. एका अंगाला बौद्धवाडा, दुसऱ्या अंगाला कातकऱ्यांची किंवा ठाकरांची वाडी, अशी गावे इकडे पुष्कळ. दिवाळी सरली की कातकरी वीटभट्टीवर जातात. बौद्धवाड्यातली पोरे कल्याणची लोकल पकडतात. दोघांनाही कधी ना कधी जातीच्या दाखल्यासाठी कचेरीची पायरी चढावीच लागते, आणि तेथे राज्य दोघांशी दोन भाषांत बोलते.

बौद्धवाड्यातल्या पोराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबाच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार', बापाच्या दाखल्यावर 'बौद्ध', पोराच्या दाखल्यावर आणखी काही तिसरेच. हे सारे एकाच घरातले, हे त्याने सिद्ध करायचे. म्हणजे आजोबांनी जे टाकून दिले ते नातवाने कागदावर पुन्हा उचलून दाखवायचे. कातकऱ्याच्या पोराकडे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याच्या आज्याला शाळा ठाऊक नव्हती आणि सातबाऱ्यावर नाव नव्हते, त्याने तो आणावा कोठून? पण धर्माचे बंधन त्याला नाही. अनुसूचित जमातींचा आदेश जातींच्या आदेशानंतर सत्तावीस दिवसांनी निघाला. त्याच राष्ट्रपतींचा, त्याच संविधानाखालचा. त्यात हा तिसरा परिच्छेद नाही.

यामागचे तर्कशास्त्र असे सांगितले जाते, की अस्पृश्यता ही हिंदू धर्माची निपज, तेव्हा धर्म सोडला की ती संपली. जमात मात्र रक्ताची, ती धर्माने बदलत नाही. ऐकायला हे चोख वाटते. पण पाणवठ्यावर आणि मसणवट्यात धर्मांतराचा दाखला कोण तपासतो? ख्रिस्ती झालेल्या मांगाला गाव मांगच म्हणते. त्याच्यावर हात उगारणारा आधी बाप्तिस्म्याची चौकशी करीत नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र ती करतो, कारण त्यातील अनुसूचित जातीची व्याख्या याच आदेशावर उभी आहे.

या परिच्छेदाची कुळकथा आणखी जुनी आहे. १९३६ च्या इंग्रजी अमलातील आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना यादीबाहेर ठेवले होते. बंगालपुरते तर बौद्ध आणि आदिवासी धर्म मानणारेही बाहेर होते. बौद्ध आणि आदिवासी या दोघांना एकाच ओळीत उंबऱ्याबाहेर बसवणारे वाक्य आपल्या इतिहासात असे आधीच लिहिले गेले आहे, हे शहापूर-मुरबाडच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

आणि एक अडचणीची गोष्ट. १९५० चा आदेश निघाला तेव्हा बाबासाहेब कायदेमंत्री होते. ही गोष्ट भक्तिभावाने झाकण्यात अर्थ नाही. धर्मांतराची किंमत काय पडणार हे त्यांना पुरते ठाऊक होते, आणि दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या भाषणात सवलतींचा प्रश्न त्यांनी टाळलाही नाही. लाखो माणसांनी ती किंमत मोजून १४ ऑक्टोबर १९५६ ला पाऊल उचलले. त्याच वर्षी परिच्छेदात दुरुस्ती झाली आणि सर्व शीख दलितांना आत घेतले गेले. बौद्ध बाहेरच. महाराष्ट्राने पुढे राज्यापुरत्या सवलती दिल्या आणि आपल्याला 'नवबौद्ध' हे सरकारी नाव चिकटले. केंद्राचे दार मात्र चौतीस वर्षे बंद राहिले.

मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयासमोर पंजाबराव विरुद्ध मेश्राम हा खटला आला. विधानसभेच्या राखीव जागेवर निवडून आलेले डॉ. मेश्राम बौद्ध झाले आहेत, असा आक्षेप होता. बचावात म्हटले गेले, की पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात 'हिंदू' या शब्दात बौद्धही येतात. न्यायालयाने ते मानले नाही. ते स्पष्टीकरण मंदिरप्रवेशासारख्या सुधारणांपुरते, या आदेशाला लागू नाही, असे ठरले आणि जागा गेली. मौज पहा. देवळे खुली करण्याचा कायदा असेल तेथे बौद्ध हा हिंदू, आणि हक्क मागायला आला की तो हिंदू नाही. धर्मातीत म्हणवणाऱ्या राज्यातला हा सोयीचा धर्मविचार. संविधान सभेत के. टी. शहांनी १९४८ च्या डिसेंबरात सुचवले होते, की राज्याचा कोणत्याही धर्माशी संबंध नसावा असे कलमच घालावे. ते फेटाळले गेले. १९७६ मध्ये उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष' शब्द आला. दाखल्याच्या अर्जातला धर्माचा रकाना काही हलला नाही.

१९९० मध्ये परिच्छेदात 'बौद्ध' हा शब्द पडला आणि आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. पण आपला शब्द पडताच आपण परिच्छेद विसरलो, हे माझे म्हणणे आहे. १९९० ने तो परिच्छेद काढला नाही, लांब केला. अट तीच राहिली, यादीत एक धर्म वाढला. १९८५ साली सूसाई खटल्यात ख्रिस्ती दलिताची मागणी न्यायालयाने नाकारली. धर्मांतरानंतरही तशीच हलाखी उरते याचा पुरावा आणा, असे त्याला सांगितले. बौद्धांच्या बाबतीत संसदेला असा पुरावा लागला नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने हा परिच्छेदच वगळावा असे म्हटले. तो अहवाल पडून राहिला, आणि २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमून पुन्हा पहिल्यापासून चौकशी सुरू झाली. एवढ्या काळात आपल्या व्यासपीठांवरून या प्रश्नावर किती ठराव झाले? माझ्या कानांवर फार थोडे आले. 'ते त्यांचे बघतील' ही भाषा मात्र पुष्कळदा ऐकली, चांगल्या शिकलेल्या तोंडून.

आता तोच परिच्छेद आदिवासींच्या आदेशात घाला, अशी हाक आहे. साठीच्या दशकाअखेर कार्तिक उराँव यांनी ती संसदेत मांडली. २००६ पासून जनजाती सुरक्षा मंच 'डीलिस्टिंग' या नावाने ती पुढे रेटतो आहे. शहापूर हा सबंध तालुका पाचव्या अनुसूचीतला, मुरबाडची काही गावेही. येथे हा प्रश्न ख्रिस्ती झालेल्या मूठभरांचा म्हणून सांगितला जाईल. पण एकदा धर्माची अट आली, की प्रत्येक वारल्याला, ठाकराला, कातकऱ्याला आपला धर्म कचेरीत सिद्ध करावा लागेल. वाघोबा आणि कणसरी कोणत्या धर्मात बसतात, हे मग अव्वल कारकून ठरवील. इंग्रजांच्या जनगणनेत आदिवासी धर्माला निराळी जागा होती, स्वातंत्र्यानंतर ती गेली. झारखंडच्या विधानसभेने २०२० मध्ये 'सरना'साठी निराळ्या रकान्याचा ठराव केला, तो याच कोंडीतून.

बौद्धवाड्यातल्या कार्यकर्त्याने अशा वेळी तटस्थ राहू नये असे मला वाटते. ते उपकार म्हणून नव्हे. चौतीस वर्षे या अटीखाली राहिल्याने ती कशी चालते हे त्याला घरातच ठाऊक आहे, आजोबाच्या आणि बापाच्या दाखल्यांत ती दिसते.

वाडीवरच्या शाळेत कातकऱ्याचे पोर दाखल होते तेव्हा हजेरीपटाआधी एक मोठे रजिस्टर उघडते. त्यात धर्म आणि जात शेजारी शेजारी. गुरुजी 'हिंदू कातकरी' असे एका दमात लिहून मोकळे होतात. मीही लिहिले आहे. जूनमध्ये पुन्हा नवी नावे येतील. त्या रकान्यात काय लिहायचे, हे पोराच्या आईला कुणी विचारले का, आणि विचारले तर ती काय म्हणाली, हे मला मुरबाड-शहापूरच्या शिक्षक मित्रांकडून ऐकायचे आहे.