‘वाचवत नाही’ म्हणजे काय?

दलित आत्मकथन वाचून झाल्यावर पांढरपेशा वाचक सहसा दोनच वाक्ये बोलतो. ‘अंगावर काटा आला’ आणि ‘पुढे वाचवेना’. १९७८ साली ‘बलुतं’ आले तेव्हापासून ही वाक्ये आपल्या कानांवर आहेत. प्रस्थापित समीक्षेनेही तीच उचलली. फक्त त्यांना ‘दाहक’, ‘भेदक’, ‘प्रांजळ’ असे कपडे चढवले. वाचकाची प्रतिक्रिया मी क्षुद्र मानीत नाही. पण काटा नेमका कोठे येतो आणि कोठे येत नाही, हे तपासल्याशिवाय तिला समीक्षा म्हणता येणार नाही.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तील (१९८४) शेणातल्या ज्वारीचा प्रसंग घ्या. ढोरांनी खाल्लेले, न पचलेले दाणे शेणात पडतात. संतामाय ते वेचते, धुते, दळते आणि भाकरी करते. हा प्रसंग मी वर्गात घेतो तेव्हा पुढच्या बाकांवरून ‘ई’ उमटते. मागच्या काही माना खाली जातात. कोणीतरी हटकून विचारतो, ‘सर, हे खरंच घडलं असेल?’ किळस आणि शंका, दोन्ही शेणापाशी थांबतात. खळे कोणाचे होते? ढोरांच्या पोटात जाण्याइतकी ज्वारी ज्या गावात पिकते, त्या गावात ती संतामायच्या चुलीपर्यंत सरळ का येत नाही? हे कोणी विचारीत नाही. रसिकाला हळहळ परवडते, कारण हळहळणाऱ्याला कोणी जाब विचारीत नसते.

माझ्या आईला अक्षरओळख नाही. लहानपणी तिने आपल्या आईला हेच करताना पाहिले आहे. प्रसंग ऐकून ती एवढेच म्हणाली, ‘ते दाणं धुवायला पाणी किती लागायचं, ते लिव्हलंय का?’ आणि पाणी तर आपल्या हातचे नव्हते, विहिरीवर कोणाला दया येईल तेव्हा मिळणारे. मला ही प्रतिक्रिया कित्येक छापील परीक्षणांपेक्षा मोलाची वाटते.

आता आपल्या वाचकाकडे वळू. ‘घरातली लक्तरे वेशीवर कशाला टांगता?’ हा आक्षेप आपल्यातूनच आला. नोकरीत स्थिरावलेल्या माणसाकडून आला. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. आडनाव कळताच भाड्याची खोली ‘कालच दिली’ असे ज्याने ऐकले आहे, त्याला दिवाणखान्यातल्या कपाटात ‘उचल्या’ मांडताना विचार पडणारच. दया पवारांनी हा वाचक आधीच हेरला होता. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो ती दया पवार या शिकलेल्या माणसाला. म्हणजे ऐकताना अवघडणारा पहिला वाचक पुस्तकाच्या आतच बसवलेला आहे. आपल्या समीक्षेने बहुधा त्याला निवेदनतंत्र म्हटले आणि पान उलटले!

स्त्रियांच्या आत्मकथनापाशी मात्र आपली प्रांजळपणाची आवड आटते. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ (१९८६) नवऱ्यापासून वर्षानुवर्षे लपवून लिहिले. त्यात गावाचा जाच आहे, तसा सासरचाही आहे. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा आहे. ‘बलुतं’चे धाडस वाखाणणारे आमचे काही मित्र इथे आले की ‘यामुळे चळवळीला बाधा येते’ असा सूर लावतात. सवर्ण वाचक जे गावकुसापाशी करतो, ते आपण उंबरठ्यापाशी करतो.

यंदा मी विद्यार्थ्यांना ‘पुस्तक कसे वाटले’ हा प्रश्न दिलाच नाही. कोणत्या पानावर थांबलात आणि त्या वेळी घरात कोण होते, एवढेच लिहून आणायला सांगितले. एका मुलीने लिहिले : खोड्याच्या पानावर थांबले. शेजारी आजी डाळ निवडत होती. तिला विचारावे की नाही, हे अजून ठरत नाही.