नाशिकच्या योणक शिलालेखातील ग्रीक देवता : एक चिकित्सा

प्रास्ताविक
महाराष्ट्रातील ग्रीक देवदेवतांचा विषय निघाला की कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी येथील पोसायडनच्या कांस्यमूर्तीचा उल्लेख हमखास होतो. रोमन व्यापाराच्या ओघात आलेली ही मूर्ती म्हणजे येथील उपासनेचा पुरावा नव्हे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील (पांडवलेणी) लेणे क्र. १७ मधील शिलालेख मात्र अधिक गुंतागुंतीचा प्रश्न उभा करतो.

विवेचन
हे लेणे, त्यातील चैत्यगृह व पाण्याची टाकी धंमदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने आईवडिलांप्रीत्यर्थ भिक्षुसंघास दान दिली. तो स्वतःस उत्तरेकडील दातामितीचा 'योणक' म्हणवतो. गांधार शिल्पात वज्रपाणी हेराक्लिसच्या रूपात अवतरतो. येथे मात्र 'योणक' दात्याच्या लेखात एकाही ग्रीक देवतेचे नाव उघडपणे येत नाही.

इंद्राग्निदत्त या नावामागे 'झ्यूसने दिलेला' अशा अर्थाचे झेनोडोटससारखे ग्रीक नाव शोधण्याचा मोह होऊ शकतो. परंतु देवदत्तासारखी नावे भारतात सर्रास आढळत असल्याने केवळ रचनासाम्य हा पुरावा ठरत नाही.

ग्रीक देवता आढळते ती ग्रामनामात. अनेक अभ्यासकांच्या मते दातामिती म्हणजे डिमिट्रियस या राजाच्या नावाचे नगर. आणि डिमिट्रियस म्हणजे धान्यदेवता डिमीटरचा. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरली, तरी तिच्यावरून भक्ती सिद्ध होत नाही. बॅक्ट्रियाच्या पहिल्या डिमिट्रियसने आपल्या नाण्यांवर डिमीटर नव्हे, हेराक्लिस कोरविला होता. नाव वारशाने मिळते, श्रद्धा निवडावी लागते. धंमदेवाच्या या पुत्राने आपल्या मुलासही धंमरखित हेच नाव दिले.

याच डोंगरावरील लेणे क्र. ३ मध्ये, पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील लेखात, गौतमी बलश्री आपल्या पुत्राचा गौरव शक, यवन व पल्हवांचा संहारक असा करते. एका लेण्यातील शत्रू दुसऱ्या लेण्यात दाता आहे. 'यवन' या शब्दाला एकच वंश व एकच देवमंडळ चिकटविणारे वाचन या विसंगतीपुढे टिकत नाही.

समारोप
सारांश, नाशिकमध्ये ग्रीक देवता पूजेत नव्हे, तर एका गावाच्या नावात उरली आहे. मूर्ती, नाव आणि श्रद्धा हे तीन स्वतंत्र पुरावे असून त्यांची सरमिसळ टाळणे, हीच सांस्कृतिक संपर्काच्या अभ्यासाची पहिली अट होय.