‘कॅमेरा दाखवतो’ म्हणजे नक्की कोण दाखवतं?

माध्यम-अभ्यासाचे पेपर वाचायला घेतलेत की एक वाक्य हमखास भेटेल : ‘इथे कॅमेरा तिला धूसर करून त्याच्याकडे वळतो, यातून कार्यक्रमाची पुरुषी दृष्टी उघड होते.’ मीही लिहिलंय असं. बिग बॉस मराठीच्या पहिल्या सीझनवरच्या सेमिनार पेपरात, तेही अभिमानाने. निष्कर्ष कदाचित बरोबर असेल, पण पुरावा कच्चा होता.

आधी मालिकेचं किंवा सिनेमाचं युनिट बघा. तिथे ऑपरेटर फ्रेम धरतो आणि त्याच्या शेजारी फोकस पुलर असतो, तो फक्त अंतर सांभाळतो. रिहर्सलला टेप लावून नटाच्या डोळ्यांपासून सेन्सरपर्यंतचं अंतर मोजायचं, जमिनीवर खुणा करायच्या, रिंगवर रेघा ओढायच्या आणि टेकमध्ये नट चालला की रिंग फिरवायची. (आता बरेचदा वायरलेस रिमोट असतो, पण काम तेच.) नट खुणेच्या अर्धा फूट आधी थांबला, लेन्स लांब पल्ल्याची आणि अ‍ॅपर्चर उघडं असलं, तर डोळे धूसर. शॉट शार्प आला तर याचं नाव कुणी काढत नाही. सॉफ्ट आला की सगळं युनिट याच्याकडे बघतं. एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर फोकस सरकवायचा, हे दिग्दर्शक आणि छायालेखक ठरवतात. पण कुठल्या शब्दाला, किती हळू, हे बरंचसं याच्या बोटांत असतं. अशा शॉटमध्ये धूसरपणाला अर्थ लावणं समजू शकतं.

माझा पेपर मात्र लोणावळ्याच्या घरावर होता. हिंदी बिग बॉस 2006 साली तिथेच सुरू झालं, मराठीचा पहिला सीझनही 2018 साली तिथेच झाला. अशा कार्यक्रमात प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा फोकस पुलर सहसा नसतोच. खुणा करणार कुठे? भांडण काही खुणेवर उभं राहून होत नाही! आरशांमागच्या अंधाऱ्या बोळात ऑपरेटरच झूम आणि फोकस दोन्ही सांभाळतो. रिमोट कॅमेरे कंट्रोल रूममधून चालतात. एकट्याला हे जमतं, कारण टीव्ही स्टुडिओच्या नेहमीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर 2/3 इंची, म्हणजे कर्ण जेमतेम 11 मिलिमीटर. सिनेमाच्या सुपर 35 चा त्याच्या अडीचपटीहून मोठा. सेन्सर लहान असला की तेवढ्याच फ्रेमला, त्याच अ‍ॅपर्चरला, पुढचं-मागचं जास्त स्पष्ट राहतं. पण आरसा प्रकाश खातो, म्हणून अ‍ॅपर्चर उघडायचं. चेहरा हवा म्हणून झूम टोकाला न्यायचा. की पुन्हा फोकसची पंचाईत.

म्हणजे मी ज्याला ‘दृष्टी’ म्हटलं, तो एका माणसाचा अंधारात फोकस शोधतानाचा अर्धा सेकंद असू शकतो. एका फोकस पुलरला मी पेपर वाचून दाखवला होता. त्याने एवढंच विचारलं, ‘कॅमेरा म्हणजे कोण, मॅडम?’

तुम्ही अशा शॉटवर लिहिणार असाल तर आधी तो कुठल्या सेटअपमध्ये घेतला ते शोधा. मग तीच गोष्ट बाकीच्या भागांत किती वेळा होते ते मोजा. एकदाच झाली तर सोडून द्या. वारंवार होत असेल, तर प्रश्न ऑपरेटरपाशी थांबत नाही : इतके कॅमेरे चालू असताना तो धूसर शॉट संकलनात ठेवला कुणी, आणि का?

मी मोजलं. सात पानांचं दीड पान उरलं, आणि तेही सगळं संकलनावर.