मेंदू-प्रतिमांकन आणि शरीरस्थिती : एक चिकित्सा

मेंदूच्या कार्याविषयीचे आजचे बरेचसे ज्ञान उताण्या पडलेल्या माणसाकडून मिळालेले आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी एफएमआरआय हे तंत्र पुढे आले. त्यात व्यक्तीला यंत्राच्या अरुंद पोकळीत डोके न हलविता पडून राहावे लागते. ईईजीची नोंद मात्र पुष्कळदा खुर्चीत बसवून घेतली जाते. तरीही दोन्हींचे निष्कर्ष शेजारी शेजारी मांडताना या भेदाची दखल क्वचितच घेतली जाते.

हा भेद क्षुल्लक नाही. राइस, रॉर्डन, लिटल व पॅरा यांनी २०१३ मध्ये 'न्यूरोइमेज' या नियतकालिकात उताण्या आणि पालथ्या स्थितीतील ईईजीची तुलना प्रसिद्ध केली. कवटी व मेंदू यांच्यामध्ये मस्तिष्क-मेरुद्रवाचा थर असतो. माणूस उताणा झाला की मेंदू गुरुत्वाकर्षणाने किंचित मागे सरकतो आणि डोक्याच्या मागील भागातील हा थर पातळ होतो. द्रव विद्युत्‌वाहक असल्याने थर पातळ होताच तेथील संकेत अधिक तीव्र नोंदला जातो. मेंदूचे कार्य तेच राहूनही नोंद बदलू शकते, ती अशी.

हार्मन-जोन्स व पीटरसन यांच्या २००९ मधील प्रयोगाने उपस्थित केलेला प्रश्न याहून अवघड आहे. अपमानास्पद अभिप्राय मिळाल्यावर ताठ बसलेल्यांच्या डाव्या अग्रखंडाची सापेक्ष सक्रियता वाढली. पडून राहिलेल्यांमध्ये ती वाढ दिसली नाही. तुलना डाव्या-उजव्या बाजूंची असल्याने केवळ द्रवाच्या थराचे स्पष्टीकरण येथे पुरे पडत नाही. क्रोधात चाल करून जाण्याची प्रेरणा असते, आणि पडलेले शरीर त्या तयारीत नसते, हा अन्वयार्थ अधिक पटणारा आहे.

सर्व सहभागी एकाच स्थितीत असल्याने तिचा परिणाम तुलनेत आपोआप वजा होतो, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो अर्धाच खरा आहे. स्थितीचा प्रभाव सर्व उद्दीपनांवर सारखा असेल तरच तो वजा होईल. क्रोधाच्या बाबतीत तसे दिसत नाही. पुन्हा पुन्हा तेच उत्तर मिळाल्याने विश्वसनीयता सिद्ध होते, वैधता नव्हे. संशोधनपद्धतीच्या वर्गात दरवर्षी शिकविला जाणारा हा भेद येथे सोयीस्करपणे विसरला जातो.

ईईजी त्याच व्यक्तींची बसून व पडून अशी दोनदा घेता येते आणि त्यास फारसा खर्चही नाही. एफएमआरआयमध्ये ही सोय जवळजवळ नाहीच. त्यामुळे क्रोध, भीती, आक्रमकता यांविषयीचे त्यावरील निष्कर्ष लिहिताना ते पडून असलेल्या व्यक्तींचे आहेत, एवढे तरी नमूद करावे लागेल.