वगातला सावकार, वहीतली उचल

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. आत गादी, तक्क्या, मागं फडाच्या नावाचा फलक आणि समोर वही. गावोगावचे यात्रा कमिटीवाले एका राहुटीतून दुसरीत फिरतात, घासाघीस होते, सुपारी ठरते, विसार दिला जातो आणि तारीख वहीत चढते. ढोलकीवाला म्हणून मी अशा राहुटीत बरीच वर्षं बसलो आहे. कमिटीचे प्रश्न मला पाठ झाले आहेत. कलावंत किती, नाचणाऱ्या मुली किती, गाड्या किती, लायटिंग कसं, गाणी नवी कोणती? ‘वग कोणता लावणार?’ हा प्रश्न जुनी माणसं आधी विचारायची. आता तो उठता उठता विचारतात, आणि बरेचदा विचारतही नाहीत.

तमाशातून सत्तेला आणि सावकाराला जाब विचारणारा आवाज गेला, असं म्हणताना आपण कलावंताच्या धाडसाला दोष देतो. मला ते पटत नाही. धाडस मी जवळून पाहिलं आहे, ते संपलेलं नाही. गाण्याचे पैसे देणारा हात मात्र बदलला आहे. ज्याच्या पैशावर रात्र उभी राहते, त्याच्याविरुद्ध त्या रात्री कुणी गात नाही.

फडाचा हिशेब बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतो, म्हणून तो आधी सांगतो. दसऱ्याला हंगाम सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. पावसाळ्यात फड बंद. त्या रिकाम्या महिन्यांत कलावंताला घर चालवायचं असतं, म्हणून तो फडमालकाकडून उचल घेतो आणि पुढच्या हंगामाला बांधला जातो. मालकाजवळ तरी रोकड कुठली? तो कर्ज काढतो, पुष्कळदा सावकाराकडून, आणि ते व्याज सुपाऱ्यांतून फेडतो. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं. त्यांचं जेवण, ट्रकचं डिझेल, तंबू, कनात, जनरेटर. म्हणजे वगात सोंगाड्या ज्या सावकाराची खिल्ली उडवतो, त्याच्याच पैशावर कनात बांधलेली असते. मालकाला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण हंगाम पडला तर तोही बुडतो. 2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. यात्रांचा चैत्र-वैशाख तसाच गेला. उचल दिलेली होती, खर्च झालेली होती, फेडायला सुपारीच नव्हती. कलावंत मजुरीला गेले, काहींनी भाजी विकली. पुढच्या वर्षीही यात्रा भरल्या नाहीत.

या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा पुरावा नारायणगावचाच आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. तमाशातली अशी नर्तकी, गायिका, अभिनेत्री पुन्हा झाली नाही, असं मी बिनधास्त म्हणतो. प्रयोग चालू असताना बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर आल्या, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. मला त्या गोष्टीत आधी मजुराची रजा दिसते, जी कधी नव्हतीच. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, चीनच्या युद्धात त्यांनी जवानांसमोर कला सादर केली, आणि उतारवयात त्यांना पैशासाठी झगडावं लागलं. 15 जानेवारी 2002 रोजी त्या गेल्या. आज राज्य सरकारचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर जे संशोधन केलं आहे, त्यात हाच गुंता उलगडतो: जी कला समाजाला हवी असते, ती करणाऱ्या बाईला मात्र तोच समाज इज्जत नाकारतो. मी त्यात एवढीच भर घालीन की इज्जतीबरोबर दामही नाकारला जातो.

जाब विचारण्याची रीत जुन्नर-आंबेगावच्या या भागाला नवी नाही. आंबेगावातल्या जांभोरीच्या होन्या केंगले यांनी सावकारांविरुद्ध बंड केलं आणि 1876 मध्ये ते पकडले गेले. जुन्नर तालुक्यात ओतूरला 1884 मध्ये सत्यशोधकांनी जोशाला न बोलावता लग्न लावलं. न बोलावलेल्या लग्नाचीही दक्षिणा मिळावी, म्हणून जोशी कोर्टात गेले. जोतीराव फुले सत्यशोधकांच्या पाठीशी उभे राहिले आणि 1890 मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात निकाल सत्यशोधकांच्या बाजूनं लागला. काम न करता मोबदला मागण्याचा हक्क कुणाला आहे का, इतका साधा तो प्रश्न होता. पुढं सत्यशोधक जलशांनी हेच प्रश्न गावोगाव नेले. तमाशाचाच साचा घेतला आणि गौळणीतल्या कृष्णाच्या जागी सत्याजीराव उभा केला.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊंची कामगिरी आपण विषयापुरती मोजतो, पण मला ती रचनेत जास्त दिसते. गणातला देव काढून तिथं त्यांनी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना मुजरा ठेवला, गौळण गाळली, आणि ‘अकलेची गोष्ट’सारख्या लोकनाट्यात शेतकऱ्याच्या पिळवणुकीला थेट कथानकाचा दर्जा दिला. ‘माझी मैना’ ही छक्कड विरहाची म्हणून ऐकणारे पुष्कळ आहेत. माझ्या लेखी ती पोटासाठी गाव सोडायला लावणाऱ्या व्यवस्थेची छक्कड आहे. हे त्यांना जमलं, कारण त्यांचा श्रोता गिरणी कामगार होता आणि कलापथकाला बळ त्याच्या चळवळीचं होतं. त्यांना यात्रा कमिटीकडून विसार घ्यावा लागत नव्हता. याच मार्गावर उत्तरेला, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी तर उद्योगपतींची नावं घेऊन आमचा वाटा कुठं आहे, असं गाण्यात विचारलं. आर्थिक न्यायाची याहून थेट मागणी मराठी गाण्यात मला सापडलेली नाही.

सरकारनं या आवाजाला कधीच मोकळं सोडलं नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली आणि उठवली ती संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर. 2002 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या कबीर कला मंचाच्या शाहिरांना आमच्या डोळ्यांदेखत तुरुंग पाहावा लागला. शीतल साठे आणि सचिन माळी 2013 च्या एप्रिलमध्ये विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. 2020 मध्ये सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. त्यांच्या राजकारणाशी कुणाचे मतभेद असू शकतात. पण गाणाऱ्याच्या हातात बेड्या पडतात तेव्हा दुसरा गाणारा आपला सूर तपासून घेतो, हे मी माझ्याच बैठकीत अनुभवलं आहे.

आमच्या तालुक्यांत मात्र तुरुंगाहून मोठा अडसर सुपारीचा आहे. कमिटीत गावचे पुढारी, फ्लेक्सवर देणगीदार, समोरच्या खुर्च्यांवर तेच. शाहिराची गत वेगळी नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सरकारविरुद्ध डफ वाजला. आज कित्येक शाहिरांची चूल सरकारी योजनांच्या प्रचारावर पेटते आणि निवडणुकीत उमेदवाराच्या गाण्यावर. पोटासाठी ते करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, मीही केलं आहे. त्यातच रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम आला. पूर्वी वग मध्यरात्रीनंतर रंगायचा आणि फटफटायला संपायचा. आता वेळ कापायची झाली की आधी वगावर कात्री चालते, रंगबाजीवर नाही. निषेध जर कुठं बसत असेल तर तो बतावणीत आणि वगात, सिनेमाच्या गाण्यांवरच्या नाचात नाही.

आणि विषयांची काय कमतरता आहे? धरणांचं पाणी खाली जातं आणि ज्यांची जमीन बुडाली त्यांच्या वस्त्या कोरड्या. डिंभे धरणाच्या जलाशयात विस्थापित आदिवासींनी मासेमारीचा हक्क मिळवला, हा तर अख्खा वग आहे. 30 जुलै 2014 ला माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेवर माणसं गेली. पश्चिमेच्या डोंगरात हिरडा हे आदिवासी घरांचं रोकड पीक. चैत्र-वैशाखात झाडावर चढून, फांद्या झोडपून, वाळवून ते विकायचं, आणि भाव समोरचा सांगेल तो. 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात ही झाडं पडली, तेव्हा नुकसानभरपाईसाठी मोर्चे काढावे लागले. टोमॅटो-कांद्याच्या भावानं न रडलेलं एकही घर या तालुक्यांत शोधून सापडणार नाही. यातलं फडांच्या बोर्डावर किती येतं? फारच थोडं, आणि आलंच तर सोंगाड्याच्या हजरजबाबीपणातून, लिहिलेल्या वगातून नाही.

तरी त्या हजरजबाबीपणावर माझा जीव आहे. डिंभ्याच्या वरच्या अंगाला एका यात्रेत आमची सकाळची हजेरी चालू होती. कमिटीचे बडे रात्रीच गेलेले. समोर बायाबापड्या, पोरं, काही म्हातारे. ऊन चढलं होतं, ढोलकीची शाई तापून आवाज चढला होता. बतावणीत सोंगाड्यानं एकाएकी सासुरवाडीचा विषय सोडला आणि पाटीत हिरडा घेऊन बाजारात गेलेल्या बाईचं सोंग काढलं. वजनात किती कापला, ओला म्हणून किती कापला, हमाली किती, हातात उरले किती, असा आकडा आकड्याला लावत गेला. लोक आधी हसले. मग हसणं थांबलं. पुढं बसलेला एक म्हातारा उठला, बोर्डाजवळ आला, दहाची नोट वर केली. सोंगाड्या वाकला. म्हातारा म्हणाला, “नाव कुणाचं घेऊ नको. पण तो हिशेब एकवार अजून सांग.”

सोंगाड्यानं माझ्याकडं बघितलं. मी थाप दिली आणि त्यानं पहिल्या पाटीपासून पुन्हा सुरुवात केली.